‘ठीक आहे’ म्हणायला बंदी असलेला क्लास : दादर, सहा रविवार, माझा अनुभव

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांबलाय. ऑफिसातल्या दोघांनी विचारलं कसा होता तो क्लास, आणि दोघांनाही जेवणाच्या सुट्टीत मला धड सांगता आलं नाही, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं टाइप करूया. क्लासचं नाव टाकत नाही, कारण ज्या गोष्टी खटकल्या त्याही लिहिणार आहे आणि दोनच माणसं मिळून चालवतात, एक ताई आणि एक सर, त्यांना त्याचा त्रास व्हायला नको. दादर वेस्टला, छबिलदास शाळेच्या जवळपास दुसऱ्या मजल्यावरचा हॉल आहे. सहा रविवार, साडेदहा ते एक, फी ४,८०० रुपये, सगळी आधी भरायची. विषय काय तर मनात आहे ते खरं ओळखायचं आणि खरं बोलायचं. मराठीतून.

मी डोंबिवलीला राहतो, वय ५१, इन्शुरन्समध्ये आहे. असल्या गोष्टींना मी कधी गेलेलो नाही. गेलो त्याला कारण मुलगी. यंदा अकरावीला आहे. एका संध्याकाळी तिने विचारलं, बाबा तुम्ही चिडलायत का, मी म्हटलं नाही, ती म्हणाली मग ग्लास असा का ठेवलात. बस एवढंच, आणि ती आपल्या खोलीत गेली. मी त्या ग्लासकडे बघत बसलो. खरंच आपटला होता मी. आणि खरंच मला माहीत नव्हतं मी चिडलोय का आणि कशावर.

पहिल्या रविवारी चपला बाहेर काढून आत गेलो, सतरंजी, चौदा-पंधरा माणसं, खालून भाजीवाल्यांचे आवाज. फळ्यावर तीन शब्द लिहून त्यांच्यावर काट मारलेली : ठीक, टेन्शन, काही नाही. ताई म्हणाल्या हे तीन शब्द सहा रविवार या खोलीत वापरायचे नाहीत. मला वाटलं यात काय अवघड आहे, पण दहा मिनिटांत सगळे अडकले, म्हणजे अक्षरशः वाक्य अर्ध्यावर सोडून माणसं गप्प बसली. कसे आहात या प्रश्नाला आपल्याकडे दुसरं उत्तरच नसतं हो. मग त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मध्ये ठेवला. आत चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकच शब्द. हुरहुर. धास्ती. रुखरुख. चुटपुट. घुसमट. चरफड. हिरमोड. कानकोंडं. गलबलून येणं. हायसं. आपल्याला जो लागू पडेल तो सापडेपर्यंत चिठ्ठ्या काढायच्या आणि परत टाकायच्या.

ह्या डब्यासाठी मी फीचे अर्धे पैसे आनंदाने द्यायला तयार आहे, मनापासून सांगतो. हे सगळे शब्द मला माहीत होते, आईच्या तोंडात रोज असायचे, पण मी स्वतःबद्दल शेवटचा कधी वापरला आठवत नाही. रुखरुख म्हणजे करायचं राहून गेलं त्याची टोचणी, चुटपुट म्हणजे अगदी थोडक्यात हुकलं त्याची, आणि खंत ही जुनी, आत मुरलेली. तिन्ही वेगळ्या. आणि मी गेली वीस वर्षं ह्या तिघींना मिळून टेन्शन म्हणत आलोय, आणि ॲसिडिटीची गोळी घेत आलोय.

ताईंनी याच्या मागचा अभ्यास पण सांगितला, मला ते आवडलं कारण नुसत्या गोड बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही. २००७ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय मशीनमध्ये ठेवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. समोरच्या भावनेला लोक शब्दात नाव द्यायचे तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागाची, म्हणजे जो भाग भीतीच्या वेळी पेटतो त्याची, हालचाल कमी व्हायची. दुसरा अभ्यास जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांचा, १९९० च्या दशकातला. लोकांना फिल्म दाखवली आणि काही जणांना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे शांत राहिले. पण दुःखाची फिल्म असेल तर आतलं दुःख काही कमी झालं नाही, उलट हृदयावर, रक्ताभिसरणावर ताण वाढलेला दिसला.

हे ऐकताना मला बाबा आठवले. आता इथून पुढे जरा माझं आहे, ज्यांना फक्त क्लासची माहिती हवी त्यांनी खाली जावं, पण याच्याशिवाय मला हा क्लास का आवडला ते सांगता येणार नाही.

बाबा लालबागला मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतला असं कोणी कधी म्हटलंच नाही, तो नुसता विरत गेला. आमच्या घरात पण तसंच झालं. बाबा नंतर फोर्टला रात्रपाळीचे वॉचमन झाले, कोणी विचारलं कसं चाललंय की काय नाय, बरंय. तेवढंच. आम्ही त्यांना कधी रडताना बघितलं नाही, ओरडताना पण नाही.

फक्त गुरुवारी चाळीत भजन असायचं आणि बाबा पखवाज वाजवायचे. आई चपातीची कणीक भिजवायची तेव्हा तिच्या परातीतून एक गोळा घ्यायचे, थोडं पाणी लावून मळायचे आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायचे. मग थाप मारायची, कान वाकडा करून ऐकायचं, अंगठ्याने थोडी कणीक काढायची, परत थाप, परत थोडी लावायची, असं तो खालचा घुमणारा आवाज मिळेपर्यंत. छोट्या हातोडीने गठ्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकून सूर लावायचे. आणि एकदा वाजवायला लागले की तो माणूस वेगळाच, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, मोठ्याने गात. आठवडाभर जे कुठे बोलले नाहीत ते सगळं तिथे असणार, हे मला आत्ता कळतंय. भजन संपलं की चमच्याने कणीक खरवडून काढायचे आणि झोपताना पण त्यांच्या बोटांना सुकलेलं पीठ असायचं.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा बाबा नव्हते. दादाचा फोन आला, बाबांचा पखवाज गावच्या मंडळाला देऊया का, ट्रान्झिटच्या खोलीत कुठे ठेवणार. मी चर्चगेटला प्लॅटफॉर्मवर उभा होतो. मी म्हटलं ठीक आहे, दे, आपल्याला काय करायचाय तो. आणि गाडीत चढलो.

त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं दादाकडे गणपतीला जायचो, दोन तास बसायचो, जेवायची वेळ झाली की काहीतरी काम काढून निघायचो. बायको विचारायची काय झालंय तुमच्यात, मी म्हणायचो काही नाही. सगळ्यांना वाटायचं जागेवरून आहे. मला पण तसंच वाटायचं, की नवीन जागा त्याला मिळाली म्हणून मी चिडलोय, आणि त्याची मला लाज वाटायची.

तर डबा. मी पहिल्यांदा चरफड काढली, ठेवली, मग राग, मग मत्सर, आणि खंत हातात आल्यावर मात्र ती चिठ्ठी मला परत टाकता येईना. कसली खंत ते तेव्हा कळलं नव्हतं.

ते कळलं दुसऱ्या आठवड्याच्या गृहपाठात. लागोपाठ चार रात्री, पंधरा-पंधरा मिनिटं, जे मनाला लागलंय त्याबद्दल पेन न थांबवता लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. ही पद्धत जेम्स पेनेबेकर यांची, १९८६ मध्ये टेक्सासमध्ये त्यांनी कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग. लिहून झाल्याबरोबर त्या मुलांना जास्तच वाईट वाटलं होतं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. सरांनी हेही प्रामाणिकपणे सांगितलं की नंतर असे शंभरावर प्रयोग झाले आणि सगळे एकत्र करून बघितलं तर सरासरी फायदा छोटाच निघतो, सगळ्यांना होतो असं नाही, आणि पहिल्या दोन दिवसांत जड वाटेल, फारच जड वाटलं तर थांबा. हे असं आधी सांगणारे लोक मला भरवशाचे वाटतात.

मी किचनच्या टेबलावर बसायचो, सगळे झोपल्यावर. पहिल्या दोन रात्री नुसता हिशोब, दादा असं वागला, वहिनी असं बोलली, जागेचा आजचा भाव काय. तिसऱ्या रात्री मी कणीक हा शब्द लिहिला. का लिहिला माहीत नाही, बहुतेक ओट्यावर झाकून ठेवलेली दिसली म्हणून. आणि मग मी बाबांची बोटं लिहिली, चमच्याने खरवडणं लिहिलं आणि खाली लिहिलं की तो पखवाज मला हवा होता. एवढंच वाक्य. बाबा गेले तेव्हा पण मी रडलो नव्हतो, सगळी धावपळ केली, त्या रात्री टेबलावर डोकं ठेवून रडलो. मुलगी पाणी प्यायला उठली होती, तिने बघितलं. पहिल्यांदा मी तिला काही नाही असं म्हटलं नाही. आजोबांची आठवण आली म्हटलं. ती बाजूला बसली, तिने काही विचारलं नाही.

दादावर राग नव्हताच. मी ‘दे’ म्हटलं त्याची खंत होती, आणि ती सहन होत नव्हती म्हणून मी ती अकरा वर्षं त्याच्या नावावर लिहीत होतो. मला कोणी अडवलं होतं का? दादाने विचारून दिला होता. घरात मला कोणी दाबून ठेवलेलं नाही, ऑफिसात पण नाही, तरी मी हवं ते मागू शकत नव्हतो, नको ते नाकारू शकत नव्हतो. माणूस मोकळा नसतो तेव्हा दर वेळी समोर कोणी आडवं उभं असतंच असं नाही.

तिसरा-चौथा रविवार बोलण्याचा. इथे सरांनी मला एका जागी पकडलं आणि ते मी कधी विसरणार नाही. मी म्हणत होतो की, आपल्याला वाईट वाटतं ना अशा वेळी, माणसाला लागतं. सर म्हणाले आपल्याला म्हणजे कोणाला? माणूस म्हणजे कोण? मी म्हटलं म्हणजे मला. ते म्हणाले मग तसं म्हणा. आणि मला ते म्हणता येईना, शपथ सांगतो, जीभ अडकली. आपण मुंबईचे पुरुष किती वेळा ‘आपल्याला काय’ म्हणतो मोजून बघा, आपल्याला चालेल, आपल्याला काय फरक पडतो, आपला काय संबंध. ‘मला’ म्हणायचंच नाही. मी पखवाजाबद्दल पण तेच म्हटलं होतं ना, आपल्याला काय करायचाय. अख्ख्या फोनमध्ये ‘मला’ हा शब्द नव्हता, मग दादाला कळणार कुठून.

बायकांचं वेगळं, ताई म्हणाल्या, त्यांना निदान जातं होतं. घरात सासूसमोर जे बोलायची सोय नव्हती ते पहाटे जात्यावर ओवीत यायचं, माहेर, नवऱ्याचा जाच, भावाची वाट बघणं, सगळं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. एका अर्थी हा क्लास म्हणजे जातं गेलं, चाळीतलं भजन गेलं, त्याच्यानंतरची सोय आहे असं मला वाटतं. हे माझं मत.

आणि एक गैरसमज ताई आणि सरांनी चांगला काढला. मोकळं बोलणं म्हणजे तोंडाला येईल ते बोलणं असं मी धरून चाललो होतो. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांनी प्रयोग केला होता, चिडलेल्या लोकांना, ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला लावलं, तर ते शांत व्हायच्या ऐवजी जास्तच चिडले, काही न करता बसलेल्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता. म्हणजे भडास काढली की राग जातो हे खरं नाही. क्लासमध्ये शिकवलेली पद्धत साधी आहे, काय घडलं ते सांगा, मला काय वाटलं ते सांगा, मला काय हवंय ते सांगा, आणि ‘तू नेहमी’ ने वाक्य सुरू करू नका. साधी आहे पण क्लासमधलंच कोणी जोडीला समोर बसवून करताना घाम फुटतो, आमच्यातल्या बहुतेकांना ‘मला काय हवंय’ ह्या तिसऱ्या भागाला शब्दच सुचत नव्हते. बाकीच्यांचं इथे लिहिणार नाही, खोलीतलं खोलीत असं ठरलंय.

आता खटकलेलं. पाचवा रविवार. सगळ्यांनी गोलात आपली एक गोष्ट सांगायची होती आणि एक जण बोलायला तयार नव्हते, सर त्यांच्या मागेच लागले, बोला, इथे सगळे आपलेच आहेत, अडकून राहू नका वगैरे. ते गृहस्थ शेवटी काहीतरी बोलले पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. हे चूक आहे. खरं बोलण्याच्या क्लासमध्ये ‘मला आत्ता बोलायचं नाही’ हे पण खरंच बोलणं आहे, त्याला मान पाहिजे. दुसरं, शेवटी सगळ्यांनी एकमेकांना मिठी मारायची पद्धत, कोणाला नको असेल तर विचारायला तरी हवं, मला स्वतःला ते जमत नाही आणि काही बायकांना पण अवघडल्यासारखं झालेलं दिसलं.

मी त्या दिवशी गप्प बसलो. डोंबिवलीपर्यंत ते मनात घोळत होतं. सहाव्या रविवारी सुरुवातीलाच हात वर केला आणि त्यांच्याच पद्धतीने सांगितलं, मागच्या वेळी असं झालं, मला धास्ती वाटली की आता माझी पाळी आली तर मलाही असंच ओढून काढतील, मला हवंय की ‘पुढे जा’ म्हणायची मुभा असावी. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्या गृहस्थांकडे वळून सगळ्यांसमोर माफी मागितली, आणि मिठीच्या ऐवजी नुसता नमस्कार केला तरी चालेल असं ठरलं. ह्यासाठी मी एक स्टार कापला होता तो अर्धा परत देतो. एकूण पाचपैकी साडेचार.

बाकी किरकोळ. पंखा आवाज करतो, चहा गार मिळतो, एकची वेळ दीडपर्यंत जाते, व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळचे सुविचार येतात ते बंद केले तर बरं.

सहाव्या रविवारी मी घरी गेलो नाही, दादरवरून बसने लालबागला गेलो. दादाची नवीन बिल्डिंग, बावीसावा मजला. वहिनीने दार उघडलं, फोन न करता आलो म्हणून घाबरलीच ती. दादा जेवून पेपर वाचत होता. मी बसलो आणि म्हटलं, दादा तू बाबांचा पखवाज दिलास तेव्हा मी दे म्हटलं पण मला तो हवा होता, आणि तेव्हापासून मी तुझ्याशी नीट वागलो नाही. आवाज कापत होता माझा.

दादा म्हणाला, अरे मग तेव्हा का नाय बोललास? मी म्हटलं नाही जमलं. तो म्हणाला तू बोललास आपल्याला काय करायचाय, मला वाटलं ह्याला बाबांचं काहीच नको, मला किती लागलं होतं माहितीये? म्हणजे तो पण अकरा वर्षं. मग उठला, आत जाऊन ती छोटी हातोडी घेऊन आला, गठ्ठे ठोकायची, दांडा बाबांच्या हाताने काळा पडलेला. ही नाय दिली म्हणाला मी, ही ठेवली. मी हातात घेतली, वजन तेच. थोड्या वेळाने परत दिली त्याला. मी मागितली नाही, खरंच नको होती, ती त्याची आहे.

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. वहिनी किचनमधून म्हणाली की इतकी वर्षं पोरांना काका असून नसल्यासारखा होता, त्याचं काय. तिचं बरोबर आहे. मी म्हटलं हो वहिनी, चुकलं माझं, आणि पुढे काही बोललो नाही. ती अजून मोकळी झालेली नाही माझ्याशी, तिला वेळ लागेल तेवढा लागू दे. पखवाज राजापूरजवळ आमच्या गावच्या मंडळात आहे, वाजतोय, तो मी परत मागणार नाही. यंदा गणपतीत दोघं जाऊन ऐकून येऊ असं दादा म्हणालाय.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. हा उपचार नाही, ते फॉर्मवरच लिहून घेतात. कोणाला खूप दिवस झोप नाही, जीव नकोसा वाटतोय असं असेल तर आधी डॉक्टरकडे जा, हॉलच्या भिंतीवर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावलेला आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत पण बोलतात. नवरा-बायकोने एकाच बॅचला जाऊ नये असं मला वाटतं, एकमेकांसमोर माणूस परत ठीक आहे वर येतो. साधी शंभर पानी वही न्या, महागडी डायरी नेली तर अक्षर चांगलं काढण्यात वेळ जातो. खाली बसायचं असतं, गुडघे दुखत असतील तर सांगा, खुर्ची देतात. आणि सेंट्रलवरून येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक बघून ठेवा, जाताना सहसा प्रश्न नाही पण परतताना मी दोनदा दादरला तासभर अडकलो.